गाडीला टोचन लावताय? ओढते पुढची गाडी, पण थांबवते मागची

पनवेलच्या गॅरेजमध्ये ‘टोइंग’ हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. तिथे म्हणतात ‘टोचन’. ‘गाडी टोचन लावून आण’ म्हणजे बंद पडलेली गाडी दोरीने किंवा पट्ट्याने दुसऱ्या गाडीला बांधायची आणि ओढत आणायची. ऐकायला एकदम सोपं. यूट्यूबवर तर तीस सेकंदांच्या शॉर्टमध्ये उरकतं: हुक लावला, हात दाखवला, गाडी निघाली. त्या शॉर्टमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे मागच्या गाडीत बसलेला माणूस काय करतोय. आणि सगळा खेळ त्याच्याच पायाखाली असतो.

आपल्या भागात ही वेळ कधी ना कधी येतेच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे कळंबोलीपासून सुरू होतो, गोव्याकडे जाणारा हायवे पळस्पे फाट्यावरून सुटतो, जुना पुणे रस्ता पनवेलला लागूनच जातो, सायन-पनवेल हायवे इथेच येऊन संपतो, आणि वर जेएनपीटीचे कंटेनर. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत पळस्प्यावर उभे राहून बघा, बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या मोजता मोजता कंटाळाल. अशा वेळी मित्राला फोन जातो, ‘अरे, दोरी घेऊन ये.’ तो मित्र तुम्ही असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

दोरी वजनाने तुटत नाही

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. लोक विचारतात, ‘गाडी बाराशे किलोची, दोरी तेवढं वजन घेईल का?’ प्रश्नच चुकीचा आहे. आपण गाडी उचलत नाही, चाकांवर ढकलतोय. सपाट डांबरी रस्त्यावर १,२०० किलोची गाडी संथ वेगात चालती ठेवायला लागणारं बल साधारण १८ ते २० किलो वजनाइतकं असतं. म्हणून तर न्यूट्रलमध्ये टाकलेली गाडी दोन माणसं सहज ढकलतात. एवढ्याला जाडजूड दोरी कशाला लागेल?

दोरी तुटते ती झटक्याने. समजा दोन्ही गाड्या १,२०० किलोच्या आहेत. दोरी सैल आहे, पुढच्याने क्लच सोडला आणि दोरी ताणली जाईपर्यंत त्याने ताशी १० किमी वेग पकडला. मागची गाडी अजून जागेवर. त्या क्षणी साधारण २,३०० ज्यूल ऊर्जा दोरीत घुसते. आता ती दोरी किती ताणली जाते यावर सगळं अवलंबून. लोखंडी वायर किंवा साखळी पाच सेंटीमीटरच ‘दिली’, तर हुकावर येणारं सरासरी बल जवळपास ४.७ टन होतं. नायलॉनचा पट्टा अर्धा मीटर ताणला गेला, तर तेच बल ४७० किलोच्या आसपास राहतं. दहा पट फरक, आणि कारण फक्त लवचिकता. (हे सरासरी आहे, शेवटच्या क्षणाचं बल याहूनही जास्त असतं.)

यातून दोन गोष्टी निघतात. एक, साखळी आणि स्टीलची वायर दिसायला भक्कम असली तरी एका कारने दुसरी कार ओढायला ती नको. डिकीत नायलॉनचा टोचन पट्टा ठेवा. त्यावर लिहिलेली क्षमता गाडीच्या वजनाच्या निदान तिप्पट असावी. आणि ऑनलाइन घेताना बघा की तो आकडा तुटण्याचा आहे की वापरण्याचा. ‘५ टन’ असं मोठ्या अक्षरात छापतात आणि कसले पाच टन ते सांगत नाहीत. कपडे वाळत घालायची दोरी दुहेरी-तिहेरी करून चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. ती गाठीपाशीच तुटते, कारण गाठ पडली की दोरीची ताकद तिथे बरीच कमी होते.

दुसरी गोष्ट फुकट आहे: दोरी ताणेपर्यंत पुढच्या गाडीचा वेग रांगत्या मुंगीसारखा ठेवायचा. वेग एक तृतीयांश केला की झटक्याची ऊर्जा एक नवमांश होते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. पहिल्या गियरमध्ये, अर्ध्या क्लचवर, दोरी जमिनीवरून उचलली जाऊन सरळ होईपर्यंत सरकायचं. सरळ झाली की क्षणभर थांबल्यासारखं करायचं आणि मगच ओढ द्यायची. ज्याला घाट चढताना हाफ क्लच जमतो त्याला हे जमतं.

तुटलेल्या दोरीबद्दल एक गंभीर सूचना. ताणलेला पट्टा ही ताणलेली बेचकी असते. तो तुटला किंवा हुक निसटला, तर लोखंडी हुक सरळ काचेतून आत येऊ शकतो. म्हणून पट्ट्याच्या मध्यावर एखादी जड चादर किंवा जुनं जाजम टाकतात. पट्टा तुटलाच तर ते वजन त्याला खाली पाडतं. आणि गाडी निघताना आजूबाजूला मदतीला जमलेल्या पब्लिकला लांब उभं करा. आपल्याकडे गर्दी दोरीच्या अगदी जवळ उभी राहून ‘येऊ दे, येऊ दे’ करत असते.

मागे कोण बसतंय?

मागच्या पावसाळ्यात मित्राच्या स्विफ्टची क्लच प्लेट गेली, शेडुंगच्या पुढे, जुन्या रस्त्यावर. इंजिन चालू होत होतं, गियर पडत नव्हता. ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना फोन केला, तर त्यांनी ना गाडीचं मॉडेल विचारलं ना दोरीची जाडी. पहिला प्रश्न होता, ‘मागे कोण बसतंय?’ मी म्हटलं, मित्राचा धाकटा भाऊ, पुढे आम्ही दोघं. काका म्हणाले, ‘त्याला पुढच्या गाडीत बसव, शेजारी. आणि तुमच्यात ज्याचा हात जास्त बसलाय तो मागे.’

हा सल्ला मी नंतर कागदावर गणित करून पाहिला आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. बघा. समोरच्या गाडीचे ब्रेक लाइट पेटले हे दिसून तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी २५ किमीला गाडी एका सेकंदात ६.९ मीटर जाते. २० ला ५.६ मीटर. १५ ला ४.२ मीटर. आणि दोन गाड्यांमधलं अंतर किती? जास्तीत जास्त पाच मीटर. म्हणजे ताशी २० वर पुढच्याने कचकन ब्रेक मारला, तर मागच्याचा पाय पोचायच्या आधीच बॉनेट डिकीत घुसलेलं असू शकतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, लेटन्सी बफरपेक्षा मोठी आहे. अशी सिस्टीम ‘मागच्याने लक्ष ठेवावं’ या भरवशावर चालू शकत नाही.

म्हणून टोचनमध्ये नेहमीची पद्धत उलटी होते. पुढची गाडी ही इंजिन आणि मागची गाडी ही ब्रेक. पुढच्याने थांबायचं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, एक-दोन वेळा ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करून लाइट दाखवायचा आणि वाट बघायची. खरी थांबवाथांबवी मागचा करतो, हलका ब्रेक धरून, आणि त्यामुळे दोरी ताणलेलीच राहते. दोरी कायम ताणलेली असेल तर झटका बसत नाही, ती चाकाखाली जात नाही आणि गाड्या एकमेकांवर आदळत नाहीत. प्रवासभर मागच्या माणसाची नजर दोरीवर असते. दोरीला पोट आलं की पाय ब्रेकवर. हे सगळं करताना तो इंजिनशिवायची गाडी चालवतोय, आणि तिथेच नवख्याची फसगत होते.

इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत जाते. ब्रेक बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीन वेळा पेडल दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागत नाही असं नाही, पण पायाने कितीतरी जास्त जोर लावावा लागतो. तीच गोष्ट पॉवर स्टिअरिंगची. एका बोटाने फिरणारं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं. निघण्याआधी जागेवरच, गाडी न हलवता, मागच्या माणसाने चार वेळा ब्रेक दाबून आणि स्टिअरिंग थोडं फिरवून पाहावं. पहिला अनुभव ट्रकच्या मागे येऊ नये.

आमच्या स्विफ्टच्या बाबतीत नशीब चांगलं होतं. इंजिन चालू होत होतं, म्हणून ते न्यूट्रलवर चालूच ठेवलं. बूस्टर चालू, स्टिअरिंग हलकं, पार्किंग लाइट चालू, काचेवरचे वायपरही चालू. फक्त क्लच किंवा गियरचा बिघाड असेल आणि इंजिनला धोका नसेल, तर हे नक्की करा. गाडी गरम झाली असेल, ऑइलचा दिवा लागला असेल किंवा पाण्यात बुडून बंद पडली असेल, तर मात्र इंजिनला हात लावायचा नाही.

चावी. इंजिन चालू नसेल तरी चावी पूर्ण काढायची नाही. काढली की स्टिअरिंग लॉक होतं आणि पहिल्या वळणावर मागची गाडी सरळ जाते. चावी ‘ऑन’वर ठेवा आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना मोकळं फिरतंय ना ते हाताने तपासा. बटण-स्टार्टच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली असेल तर स्टिअरिंग लॉक उघडेलच याची खात्री नसते. अशी गाडी दोरीने ओढायचा विषयच संपला, आधी जंप स्टार्ट करून बघा.

कोणती गाडी ओढायचीच नाही

तुमची गाडी मॅन्युअल गियरची, पुढची चाकं ओढणारी असेल, तर न्यूट्रलमध्ये टाकून चारही चाकांवर थोडं अंतर नेता येते. जुन्या साध्या गाड्यांमुळे ‘दोरी बांधली की झालं’ ही समजूत रुजली. आज रस्त्यावर ऑटोमॅटिक गाड्या खूप झाल्यात आणि तिथे ती समजूत महागात पडते.

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असलेल्या गाडीत गियरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद, पण चाकं फिरतायत, म्हणजे गियरबॉक्सचे भाग तेलाशिवाय घासतायत. दुरुस्तीचं बिल क्रेनच्या भाड्याच्या कितीतरी पट जातं. ड्युअल क्लचलाही हाच नियम लावा. एएमटी, म्हणजे मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणला तो प्रकार, आतून मॅन्युअल गियरबॉक्सच असतो. पण गियर टाकणारा हात इलेक्ट्रिकचा. बॅटरी मेली आणि गाडी गियरमध्ये अडकली तर न्यूट्रल मिळत नाही.

इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्न तर सरळ आहे: ओढायची नाही, बस. तिची मोटर चाकांना कायम जोडलेली असते. चाकं फिरली की मोटर जनरेटर होते आणि वीज तयार करते, जिला त्या वेळी कुठे जायचं ते सांगणारी यंत्रणा बंद असते. नेक्सॉन ईव्ही असो की दुसरी कुठली, फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पूर्ण पाठीवर घेणारा ट्रकच बोलवा. स्ट्राँग हायब्रिड आणि फोर-व्हील ड्राइव्हलाही तोच पर्याय सुरक्षित.

शंका असेल तर इथे फोन कामी येतो. बहुतेक कंपन्यांच्या साइटवर गाडीचं ओनर्स मॅन्युअल पीडीएफमध्ये असतं. ते आजच उतरवून फोनमध्ये ठेवा, कारण घाटात रेंज जाते. पीडीएफमध्ये ‘टोइंग’ शोधा. किती वेग, किती अंतर, कोणती चाकं वर, हुक कुठे, सगळं दोन पानांत असतं. हे वाचायला पाच मिनिटं लागतात आणि यूट्यूबवरच्या कुठल्याही भावापेक्षा हे जास्त विश्वासाचं आहे.

हुक कुठे आहे?

तरुण मुलं बहुधा इथेच अडतात. आजच्या बऱ्याच गाड्यांना पुढे दिसणारा हुक नसतो. स्टेपनीजवळ, जॅक आणि व्हील पान्याच्या पिशवीत एक जाड लोखंडी कडी असते, एका टोकाला आटे असलेली. बंपरवर हाताच्या तळव्यापेक्षा लहान, चौकोनी किंवा गोल झाकण दिसतं. ते काढलं की आतल्या भोकात ही कडी फिरवून बसवायची. हाताने बसेपर्यंत फिरवा, मग व्हील पान्याचा दांडा कडीत घालून घट्ट आवळा. अर्धवट बसवलेली कडी ओढताना आट्यांसकट बाहेर येते. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतात, तेव्हा ‘बसतच नाही’ म्हणून फेकून देऊ नका.

बंपरला, अ‍ॅक्सलला, सस्पेन्शनच्या दांड्याला पट्टा बांधायचा नाही. खाली वाकून बघितलं तर काही गाड्यांना चेसिसजवळ छोट्या कड्या दिसतात. त्या बऱ्याचदा गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी असतात, ओढण्यासाठी नाही. दोन्ही गाड्यांच्या कड्या शक्यतो एकाच बाजूला याव्यात, म्हणजे दोरी तिरकी जात नाही. ओढणारी गाडी वजनाने निदान बरोबरीची हवी. वॅगनआरने एसयूव्ही ओढली तर ओढली जाईल, पण उतारावर मागचं वजन पुढच्याला ढकलत नेईल.

कायदा काय म्हणतो

कायद्यात टोचनाला परवानगी आहे, पण मोजकी. १९८९ च्या ‘रूल्स ऑफ द रोड’ नियमांत हे स्पष्ट लिहिलं होतं: बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेज किंवा पेट्रोल पंपापर्यंत ओढता येते. मागच्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर लायसन्स असलेला माणूस हवा. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको. दोरी इतरांना दिसेल अशी हवी. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या पाटीवर काळ्या, किमान ७५ मिलिमीटर उंच अक्षरांत ‘ऑन टो’ असं लिहिलेलं हवं. आणि वेग ताशी २४ किमीच्या आत. २०१७ मध्ये या जुन्या नियमांची जागा नव्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सनी घेतली, पण टोचन लावताना मी डोक्यात आकडे हेच धरतो, आणि वेग तर पंधराच्या आसपास. वरचं एका सेकंदाचं गणित आठवा, चोवीसही जास्तच आहे.

पाच मीटरची मर्यादा मला आधी विचित्र वाटायची. वाटायचं, दोरी जेवढी लांब तेवढं सुरक्षित. पण कळंबोली सर्कलला पाच मिनिटं उभं राहिलं की उत्तर मिळतं. लोखंड बाजारातले ट्रेलर, रिक्षा, बस आणि दोन गाड्यांमध्ये फट दिसली की घुसणाऱ्या बाइक. त्या बाइकवाल्याला दोन वेगळ्या गाड्या दिसतात, मधली गुडघ्याच्या उंचीवरची ताणलेली दोरी दिसत नाही. रात्री तर अजिबात नाही. टोचनात जीव जाण्याची शक्यता ज्याची सगळ्यात जास्त, तो या दोन्ही गाड्यांत बसलेलाच नसतो. म्हणून दोरीच्या मधोमध लाल कापड बांधा, जमलं तर रिफ्लेक्टिव्ह टेप गुंडाळलेला पट्टाच घ्या. दोन्ही गाड्यांचे चारही इंडिकेटर चालू. मागच्या गाडीची बॅटरी मेली असेल, तर तिच्या मागे तिसरी गाडी पार्किंग लाइट लावून हळू चालवा. आणि अंधार झाला असेल, पाऊस लागला असेल, तर माझं स्पष्ट मत: दोरी परत डिकीत टाका आणि क्रेन बोलवा.

एक्सप्रेसवे आणि घाट: नाहीच

एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारची वेगमर्यादा ताशी १०० किमी आहे. तुम्ही २० ने चाललात तर मागून येणारा ताशी ८० च्या फरकाने, म्हणजे सेकंदाला २२ मीटरने जवळ येतोय. दोनशे मीटरवरून त्याला तुम्ही दिसलात तर त्याच्याकडे नऊ सेकंद आहेत, आणि त्यातले पहिले काही सेकंद ‘हा एवढा हळू का चाललाय’ हे कळण्यातच जातात. तिथे दोरी काढायचीच नाही. गाडी डाव्या शोल्डरला घ्या, त्रिकोण मागे लांब ठेवा, सगळ्यांनी गाडीतून उतरून रेलिंगच्या पलीकडे उभं राहा आणि मदत मागवा. गाडीत एसी लावून बसून वाट बघणं सगळ्यात धोकादायक.

घाटाचं गणितही तसंच. वीस मीटरला एक मीटर उतरणाऱ्या साध्या उतारावरही १,२०० किलोच्या गाडीला गुरुत्वाकर्षण ६० किलोच्या बलाने पुढे खेचतं. रस्त्याचं घर्षण तिला १८-२० किलोनेच धरून ठेवतं. म्हणजे मागची गाडी आपोआप पुढच्यावर धावून जाणार, आणि तिला अडवणारा एकच, बूस्टरशिवायच्या ब्रेकवरचा पाय. बोरघाट सोडाच, कर्नाळ्याच्या खिंडीतही मी हे करणार नाही. फ्लायओव्हरचे उतारसुद्धा टाळता आले तर टाळा. नकाशात ‘हायवे टाळा’ हा पर्याय चालू करून सपाट, संथ रस्ता आधी शोधून ठेवा. शेडुंगहून पनवेलला येताना आम्ही दुपारची कमी गर्दीची वेळ धरली आणि सर्कलला वळसा न घालता सरळ जाता येईल असं गॅरेज निवडलं, थोडं महाग असलं तरी.

वळणावर पुढच्याने नेहमीपेक्षा मोठा वळसा घ्यायचा, कारण मागची गाडी आतून कापत येते. यू-टर्न टाळा. आणि टोचन लावलेलं असताना ‘दुसऱ्या गियरमध्ये टाकून क्लच सोड, चालू होते का बघू’ हा मोह आवरा. इंजिन पकडलं तर मागची गाडी उसळून पुढच्यावर येते. गाढी नदीच्या पाण्यात किंवा साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली असेल आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल, तर या एका धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी दुरुस्त होण्यासारखी होती, ती इंजिन उघडण्यासारखी होते.

फोनचा उपयोग, आणि फोनचा धोका

दोन्ही ड्रायव्हरनी हातात फोन धरायचा नाही, हे सांगायला नको. पुढच्या गाडीत शेजारी बसलेल्या माणसाने मागच्या ड्रायव्हरला कॉल लावून ठेवायचा, मागचा फोन स्पीकरवर, स्टँडमध्ये. मागच्या गाडीत ड्रायव्हरशिवाय कोणी बसू नये, जितकं वजन कमी तितकं बरं. शेजारचा माणूस आधीच सांगत राहतो: ‘पुढे सिग्नल, सोडतोय… आता ब्रेक.’ हे एक वाक्य वरच्या एका सेकंदाला वाचवतं. कॉल तुटणारच आहे असं धरून हॉर्नच्या खुणा ठरवा. आम्ही ठरवलं होतं: मागून एक लांब हॉर्न म्हणजे लगेच, पण हळू थांब. दुसरी खूण ठेवलीच नाही, गोंधळात दोन खुणा आठवत नाहीत.

मदत मागवताना लोकेशन नीट सांगा. ‘पनवेलच्या जवळ’ याला अर्थ नाही. हायवेवर किलोमीटरचे दगड आणि पाट्या असतात, तो आकडा आणि दिशा, मुंबईकडे की पुण्याकडे, हे दोन सांगितले की बास. नकाशात निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की प्लस कोड मिळतो, तोही पाठवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, जिवाला धोका असेल तर ११२.

आता धोका. घाबरलेल्या अवस्थेत ‘टोइंग निअर मी’ शोधून पहिला नंबर लावू नका. खोटे कस्टमर केअर नंबर टाकून ठेवणाऱ्यांना अशीच माणसं हवी असतात. ‘बुकिंगसाठी एक रुपया पाठवा’ म्हणून लिंक आली की समजून जा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन. खरा नंबर तुमच्या विमा पॉलिसीवर किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये असतो. पॉलिसी उघडलीच आहे तर हेही बघा: खासगी कारच्या साध्या पॅकेज पॉलिसीत गाडी गॅरेजला नेण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंतची तरतूद असते, पण ती अपघातात नुकसान झालं तर. नुसती बंद पडलेली गाडी त्यात बसत नाही. त्यासाठी रोडसाइड असिस्टन्स हे वेगळं अ‍ॅड-ऑन घ्यावं लागतं, आणि दरवर्षी रिन्यू करताना पैसे वाचवायला लोक नेमकं तेच काढून टाकतात. तसंच, मित्राची गाडी ओढा, पण पैसे घेऊन कोणाची ओढू नका. खासगी गाडी भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापरणं पॉलिसीत बसत नाही, काही झालं तर क्लेम अडकतो.

गॅरेजला पोचल्यावर घाईत पट्टा सोडू नका. आधी मागच्या गाडीचा हँडब्रेक, मग चाकामागे दगड, मग पुढच्याने थोडं मागे येऊन दोरी सैल करायची, मग हुक काढायचा. पट्ट्यावर कुठे दोरे सुटलेत का, शिलाई उसवलीये का ते उन्हात धरून पाहा. उसवली असेल तर कापून टाका, म्हणजे घाईत दुसरं कोणी उचलून वापरणार नाही. चांगला असेल तर चिखल धुऊन सावलीत वाळवा आणि डिकीत ठेवताना बॅटरीच्या पाण्यापासून लांब ठेवा, अ‍ॅसिड लागलेलं नायलॉन दिसायला नवं वाटतं आणि पहिल्या ओढीला जातं.